बेव्हनचं पाकीट

बंदूक परवाना दाखवून आत येते, बूट चिखल धुऊन आत येतात, पण घरी केलेलं सुकं मांस आत येत नाही. ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर बाहेरून आलेलं सामान तपासायच्या माझ्या टेबलापाशी शिकारी लोक यावरून दरवर्षी हुज्जत घालतात. क्लेम होगार्टने ती कधीच घातली नाही, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला.

अकरा वर्षं तो टास्मानियाहून एप्रिलमध्ये येतोय. एप्रिलात लाल हरणांचे नर डोंगरात माद्यांसाठी ओरडतात, शिकारी त्या आवाजावर येतात. क्लेम उंच, पाठीत वाकलेला, हाताला मेंढ्यांच्या लोकरीचा वास. फॉर्मवर ‘मांस आहे का’ यापुढे त्याचं ठसठशीत ‘होय’ असायचं. मग सामानातून एकच पाकीट निघायचं. वर बायकोच्या बारीक, सुबक अक्षरातली चिठ्ठी: ‘हरण. मिरी, मीठ. बेव्हनसाठी. नोरीन.’

पहिल्या वर्षी मी विचारलं, “घरी केलंय?”

“आमच्या मालकिणीने.”

“मग टाकावं लागेल.”

“टाक की. मी कुठे तुझा हात धरलाय?”

“माहीत होतं, तर आणलंत कशाला?”

“तिला कोण सांगणार? तू येतेस आमच्याकडे?”

बेव्हन त्याचा इथला दोस्त. तरुणपणी दोघं एकाच शेडमध्ये मेंढ्या कातरायचे, आणि नोरीनच्या हातच्या या मांसावर बेव्हनचा भारी जीव. ते कचऱ्याच्या टोपलीत जातं हे तिला सांगायचा क्लेमला धीर होईना. त्यात घरी गेल्यावर ती विचारणार, बेव्हन काय म्हणाला? म्हणून त्याने मलाच गळ घातली.

“तूच सांग गं, काय म्हणाला असेल?”

“म्हणावं, मीठ जरा हात राखून घाल.”

“वा! हुबेहूब! तोही असाच नाक मुरडणारा.”

पुढच्या एप्रिलात चिठ्ठीवर ‘मीठ कमी केलंय, आता गप्प खा’ असं लिहून आलं. मी इतकी हसले की रांगेतले लोक बघायला लागले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. पाकीट मी टाकायचं आणि बेव्हनचं बोलणंही मीच द्यायचं.

पाचव्या वर्षी क्लेम म्हणाला, “ग्लेनिस, बेव्हन गेला. नोरीनला सांगितलेलं नाही. मी डोंगरात एकटा जातो हे कळलं तर बाई माझे बूट लपवून ठेवेल.”

म्हणजे पाकीट मेलेल्या माणसासाठी येत होतं. मी ते टाकतच राहिले. पण बेव्हनचं बोलणं मी थांबवलं नाही. घरी मी एकटीच असते. जेवताना एखादं चांगलं वाक्य सुचलं की ताटासमोर हसायची आणि एप्रिलपर्यंत जपून ठेवायची. खोटं कशाला सांगू, वर्षभरात मी वाट बघावी असं दुसरं काही नव्हतं.

यंदा क्लेम आला तो निम्मा झालेला. रांग मोठी होती. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

“नोरीनला म्हणावं, बेव्हन तक्रार करतोय. यंदा मिरी घालताना हात आखडला तुझा!”

क्लेमने माझ्याकडे पाहिलं. “सांगतो,” म्हणाला, आणि बूट धुऊन देतात त्या खिडकीकडे गेला.

पाकीट टाकायला उचललं तेव्हा चिठ्ठीवर नजर गेली. ‘हरण. मिरी, मीठ. बेव्हनसाठी.’ अक्षर मोठं, तिरकं. खाली नाव क्लेमचं.

मी शेजारच्याला टेबल सांभाळायला सांगितलं आणि पाकीट घेऊन त्या खिडकीकडे गेले. क्लेम बाकावर नुसत्या मोज्यांवर बसला होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

“नोरीन कधी गेली?”

“फेब्रुवारीत.”

“मग मघाशी बोलला का नाहीत?”

“तू तिच्यासाठी निरोप तयार ठेवला होतास. माझ्याच्याने मोडवेना.” अंगठा मोज्यात ढकलत तो म्हणाला, “शेवटी शेवटी तिला काही उमजत नव्हतं. पण एकदा म्हणाली, एप्रिल आला की बेव्हनचं पाकीट विसरू नको. म्हणून मीच केलं.”

मी शेजारी बसले.

“मिरी खरंच कमी पडलीय का गं? तिने प्रमाण कुठे लिहून ठेवलं नाही. आणि मला चव सांगायला आता कुणी उरलं नाही.”

आम्हाला असलं काही चाखता येत नाही. सव्वीस वर्षं मी हा नियम पाळलाय, तेव्हाही पाळला. पाकीट उघडून नाकाशी धरलं फक्त. मिरी इतकी होती की मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

माझ्या टेबलावर खोटं बोलणाऱ्याला मी दंड करते.

“कमी आहे,” मी म्हटलं. “पुढच्या एप्रिलात वाढवून आणा.”

क्लेमने विमानाचं तिकीट काढलं, पाठीमागे पेन्सिलीने ‘मिरी वाढवणे’ असं लिहिलं आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. मग मी पाकीट त्याच्या देखत टोपलीत टाकलं, दरवर्षीसारखं.