रुंद तोंडाची मगर

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलातून कुजक्या पानांचा एक आंबूस, खारट वास वर येतो, आणि तो जगाच्या कुठल्याही किनाऱ्यावर आला तरी मला क्षणभर चिपळूणलाच पोचल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या उत्तरेला एका खाडीच्या मुखाशी आम्ही उभे होतो, तेव्हा सप्टेंबरचं, म्हणजे इथल्या वसंतातलं, कोवळं ऊन तिवरांच्या पानापानांवरून निथळत होतं, नदी कसलीही घाई न करता समुद्रात मिसळत होती, आणि अशा त्या प्रसन्न सकाळी माझ्या मनात निव्वळ मत्सर होता. सख्ख्या जावेचा मत्सर. उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं?

रेवती माझी धाकटी जाऊ. केर्न्सला दातांच्या दवाखान्यात काम करते. तिचा मुलगा यंदा मेलबर्नला युनिव्हर्सिटीत गेला, आणि आता आईच्या चार मेसेजना मिळून एक अंगठा पाठवतो. माझी सई नऊ वर्षांची. गेल्या सुट्टीत तिला आम्ही ब्रिस्बेनहून पंधरा दिवस काकूकडे पाठवलं, आणि परत आली ती मगरींचं वेड घेऊनच. जेवताना मगर, झोपताना मगर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘काकू सेज’. स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटता लाटता ‘हो का गं’ म्हणायचे, आणि तव्यावरची पोळी करपून जायची. पोटची पोर डोळ्यांदेखत दुसरीची होत जाते तेव्हा काय होतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

म्हणून यंदा मीही सोबत निघाले, आणि तयारीनिशी निघाले. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये महिनाभर व्हिडिओ पाहून मी क्रोकोडाइल आणि अॅलिगेटर यांतला फरक परीक्षेसारखा घोकला होता. निमुळतं तोंड क्रोकोडाइलचं, रुंद नि बोथट तोंड अॅलिगेटरचं. जबडा मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर दिसला तर क्रोकोडाइल. शिवाय मी चिपळूणच्या वाशिष्ठीकाठची, नदीतल्या गाळावर ऊन खात पडलेल्या मगरी बघत शाळेत गेलेली! मला कोण शिकवणार? सईला चकित करायचं, एकदा तरी तिच्या तोंडून ‘आई सेज’ ऐकायचं, एवढीच माझी हाव होती.

आणि तशी संधी समोर आलीही. पलीकडच्या काठावर ती पसरली होती. ओंडका म्हणावा तर ओंडक्याला डोळे होते. अंगावरचा चिखल वाळून राखाडी झालेला, आणि तोंड चांगलं सुपाएवढं रुंद. माझा आनंद गगनात मावेना. “सई, बघ, बघ! अॅलिगेटर!” मी इतक्या मोठ्यांदा ओरडले, की शेजारचं एक गोरं जोडपं वळून हसलं. सई कानापर्यंत लाल झाली. “आई! देअर आर नो अॅलिगेटर्स इन ऑस्ट्रेलिया. लाइक, झीरो!” मग तिनं मला, अगदी मास्तरणीच्या सुरात, सगळं समजावून सांगितलं. अॅलिगेटरला खारं पाणी फार काळ सोसत नाही. मगरीच्या, म्हणजे क्रोकोडाइलच्या, जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून ती समुद्रातही मजेत हिंडते. आणि वयानं मोठ्या मगरीचं तोंड रुंद होतं, म्हणून तोंड नाही, दात बघायचा. “काकू टोल्ड मी.”

“तोंडावरून फसायला होतंच हो, ताई,” रेवती म्हणाली. “मीही पहिल्यांदा फसले होते.”

खोटं! साफ खोटं. दिवसभर लोकांचे दात बघणारी बाई, ती कसली फसतेय? तिच्या त्या समजूतदारपणानं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा, कारण आमच्या वाशिष्ठीतल्या मगरी तरी कुठे निमुळत्या तोंडाच्या होत्या? त्याही क्रोकोडाइलच, तरी चांगल्या रुंद जबड्याच्या. जन्मभर पाहिलेलं विसरून मी पाच मिनिटांच्या व्हिडिओवर भिस्त ठेवली होती.

त्या दोघींना दुर्बिणीत रमलेलं सोडून मी काठाकाठानं चार पावलं पुढे गेले. पाण्यापासून दूर राहा, असं बजावणारी पाटी मी सकाळपासून तीनदा वाचली होती. तिचा फोटोसुद्धा काढला होता. पण आमच्याकडे नदीपाशी गेलं की तिचं पाणी डोळ्यांना लावायचं असतं. ते हाताला विचारावं लागत नाही, तो आपोआप पुढे होतो. मन भरून आलं होतं, समोर नदी होती. मी चपला काढल्या, चिखलात उतरले आणि वाकले.

“काकू! काकू, आई बघ!”

दुसऱ्याच क्षणी मानेपाशी कुर्ता पकडून रेवतीनं मला मागे खेचलं, आणि आम्ही दोघींनी चिखलात बसकण मारली. “ताई, वेड लागलंय का तुम्हाला?” ती किंचाळली, इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यावर आवाज चढवून. पाण्यात काही नव्हतं. साधा तरंगही उठला नाही. सई धावत आली, माझं मनगट दोन्ही हातांनी पकडून हुंदके द्यायला लागली, आणि माझ्या मनात काय यावं? माझ्या जिवावर बेतलं असतं, तरी हिनं हाक मारली ती काकूलाच.

परतताना रेवती गाडी चालवत होती, आम्ही मायलेकी मागे. रडं थांबलं होतं, पण सईनं मनगट सोडलं नव्हतं. तिची नखं रुतत होती आणि मला ती हवीशी वाटत होती. मी वर पाहिलं तर आरशात रेवतीचे डोळे आमच्या हातांवर खिळले होते. ती नजर ओळखायला मला वेळ लागला नाही. इथे आल्यापासून तीन दिवस मी तिच्याकडे तशीच बघत होते.

“सई, पुढे बसायला येतेस? इथून समुद्र छान दिसतो,” ती म्हणाली. सईनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

‘जा गं, बस काकूजवळ.’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण मी सईला आणखी थोडं जवळ ओढून घेतलं.