दत्ताची आषाढातली मैफल

दत्ता गेल्याचं मला दापोलीच्या एसटी स्टँडवर कळलं. लेकीकडे चार दिवस राहून मी परत निघालो होतो. रत्नागिरीची गाडी लागत होती आणि सुलभावहिनींचा, म्हणजे दत्ताच्या बायकोचा फोन आला. "भावजी, कुठं आहात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सावकाश या. धावपळ नको... हे सकाळी गेले." एवढंच. मी गाडीत चढलो, खिडकीशी बसलो, आणि रत्नागिरीपर्यंत बाहेर काय काय गेलं ते मला आजही सांगता येणार नाही.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. दत्ताराम रत्नागिरीजवळच्या आमच्या बंदरावरचा बोटमालक, माझा शाळासोबती. आमच्या गावात दर आषाढात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो, तो सुरू करणारा हाच. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गाता येत नसे, वाजवताही येत नसे. लहानपणी तो बापाबरोबर बोटीवर जायचा. बोटीवर रेडिओ असे. एकदा शाळेत येऊन मला म्हणाला, "पहाटे बंदरात शिरताना एक बाई गात होती रे. शब्द जवळजवळ नव्हतेच, तरी रेडिओ बंद करावासा वाटेना. ते काय असतं, तुझ्या बाबांना विचार की." माझे वडील तबला वाजवत, शिकवतही. त्यांनी त्याला घरी बोलावलं. वर्षभर तो संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसला. पण दोर ओढून त्याची बोटं अशी ताठली होती की साधा बोलही सुटा निघेना, आणि गळा तर वाऱ्यावर हाका मारून फाटलेला. शेवटी वडील म्हणाले, "दत्ता, वाजवणं तुझ्या हातात नाय. पण तू ऐकतोस छान. ये तू, ऐकत बस." याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट 'सरांनी मला ऐकायला ठेवलंय' असं तो सगळ्यांना मिरवून सांगायचा.

पुढे बाप थकला आणि बोट त्याच्याकडे आली. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. गावाकडचे खलाशी भातलावणीला जात, बंदरावरचे दत्ताच्या घराला लागूनच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी विणत बसत. तिथं तो कॅसेट लावायचा. आधी खलाशी कुरकुरले, मग एखादा म्हणू लागला, "शेठ, कालची ती बाई लावा." असं दोन-तीन पावसाळे गेल्यावर दत्ता मला म्हणाला, "कॅसेट किती ऐकायची? आता माणूस आणूया."

माणूस आला. पुण्याच्या एक गायिका, माझ्या वडिलांच्या ओळखीतल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी शेडमध्ये तानपुरा लावायला बसलो, तर बाहेर आषाढ कोसळत होता आणि पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळेना. बाईंनी परतीच्या गाडीची चौकशी तेवढी केली. दत्ता पत्र्याकडे बघत नुसता उभा. सकाळी मी गेलो, तर हा खलाशांना घेऊन छपरावर. जुनी, टाकायला काढलेली जाळी थरावर थर पसरत होता. पाऊस जाळ्यांवर पडून खाली झिरपू लागला, पत्रा जवळजवळ गप्प झाला. दुपारी बाई गायला बसल्या तेव्हा शेडमधल्या सुक्या मासळीच्या वासानं त्यांनी पदर नाकाला लावला होता. मल्हार सुरू झाला आणि पदर कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नसावं. गाणं संपल्यावर त्या दत्ताला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बोलावणार ना?" आणि आल्याही, कितीतरी वर्षं.

नाव झालं तशी समिती झाली. समितीतल्या मंडळींना वाटू लागलं की महोत्सव शहरातल्या नाट्यगृहात न्यावा, तोही डिसेंबरात. मोठे कलाकार येतील, पाहुण्यांना घाट बंद पडायची भीती नाही. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. दत्तानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डिसेंबरात माझे खलाशी दर्यात असतात. मग आपण गाणं कोणाला ऐकवायचं?" मंडळी पुन्हा नाट्यगृहाचंच बोलू लागली. तेव्हा तो भांडला नाही. "न्या," म्हणाला, "नाव पण न्या. माझी शेड राहू दे." ते लोक गेल्यावर मात्र तो बराच वेळ बोटीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो.

त्या डिसेंबरात नाट्यगृहात तो तिकीट काढून मागच्या रांगेत बसला आणि मनापासून दाद देऊन आला. पुढच्या आषाढात शेडमध्ये पुन्हा बैठक घातली. गायला पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली एक नवखी मुलगी, तबल्याला मी, ऐकायला खलाशी आणि त्यांच्या घरच्या बायका. पुण्यामुंबईचं कोणी नाही. दत्ता इतका खूश मी त्याआधी पाहिला नव्हता. दोन-तीन वर्षांनी समितीतले काहीजण संकोचत शेडमध्ये आले. यानं उठून त्यांना जागा करून दिली, मागचा एक शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला जिने चढायलाही मनाई केली. हृदय दुबळं झालं होतं. खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो छपरावर जाळी पसरणाऱ्या पोरांना ओरडत होता आणि वहिनी त्याला ओरडत होत्या.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. यंदाचं काय, हे कसं विचारावं म्हणून चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी वहिनींनीच काढलं. "यंदा पाहुण्यांचं जेवण सुना बघतील," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला बसणारंय. इतक्या वर्षांत सैपाकघरातनं जे कानावर आलं तेवढंच." मग कप उचलता उचलता त्यांनी विचारलं, "हे कुठं बसायचे हो?"

मी सांगितलं, दारात. उशिरा आलेल्या प्रत्येकाला जागा द्यायला तो सरकत जायचा. शेवटी शेवटी अर्धा पागोळीखाली असायचा, खांदा भिजलेला, डोळे मिटलेले.

वहिनींनी उचललेला कप पुन्हा खाली ठेवला. "तरीच," त्या म्हणाल्या, "मी म्हणायची, गाणं ऐकून येणारा माणूस भिजतो कसा..." आणि मग जरा सावरून, "मी काय दारात बसायची नाय, भावजी. माझी चटई पुढं टाका."

"टाकतो, वहिनी," मी म्हटलं.