बुडली तर निर्दोष

कोलशेतच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा गावातल्या बायकांना विलायती झगे आणि पांढऱ्या टोप्या मिळाल्या. लक्ष्मीकाकीला मात्र काळा झगा मिळाला.

दिग्दर्शक मयूर गर्दीसाठी माणसं शोधत गल्लीत आला होता. ओट्यावर एकटीच बसलेली ही म्हातारी बघून तो थबकला.

"आजी, चेटकीण होणार का? कॉमेडी आहे, घाबरू नका."

ती घाबरली नाही. तिनं फक्त गल्लीतल्या दारांकडे बघितलं. दारं उघडी होती. कुणी हसलं नव्हतं.

त्या गल्लीत तिला कधी कुणी काही बोललंच नव्हतं. फार वर्षांमागे समोरच्या हेमाला पहिला मुलगा झाला. पाचवीच्या पूजेला लक्ष्मीनं बाळ मांडीवर घेतलं, "लोन्याचा गोला हाय गो," म्हणाली, आणि दृष्ट काढायला बोटं मोडायची राहून गेली. महिना भरायच्या आत बाळ तापानं गेलं. भांडण झालं नाही, शिवी नाही. पण तेव्हापासून ती समोरून आली की बाळंतिणी पदर ओढून मूल झाकायच्या. बारशाचं बोलावणं यायचं नाही. सगळं उरकलं की घुगऱ्यांची वाटी तेवढी घरपोच यायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा काळुराम मिठागरात राबला. पुढं मिठागर बुजलं, काळुरामही गेला. गल्लीत बंगले उठले. ती आणि तिचा ओटा तिथंच राहिले.

कुणी तोंडावर बोललं असतं तर तिला भांडता आलं असतं. न उच्चारलेल्या शब्दाशी भांडायचं कसं?

सिनेमाची गोष्ट तिला मयूरची सहायक करिश्मा हिनं समजावली. जुन्या काळी परदेशात बायांवर चेटकिणीचे खटले चालायचे, त्याची टिंगल होती. लोकरीचा टोप घातलेला न्यायाधीश चेटकिणीला पाण्यात टाकायला सांगतो. बुडली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण.

"म्हंजे मरायचाच, कसाबी," लक्ष्मीकाकी म्हणाली.

"तोच तर जोक आहे, आजी! पण तुम्ही सुटता. आणि शेवटी गावातली एक बाई तिचं बाळ तुमच्या मांडीवर देते. हेमाताईंचा नातू आहे ना, त्यांच्या कमलेशचा मुलगा, तोच घेणारोत आपण."

समोरच्या घरातलं ते मूल लक्ष्मीकाकीनं आजवर फक्त रडताना ऐकलं होतं. घरी जाऊन तिनं नखं कापली. हाताला तेल चोळलं.

शूटिंगच्या दिवशी गर्दीला "चेटकीण! चेटकीण!" असं ओरडायचं होतं. बाया लाजत होत्या. शब्द पुस्तकातला होता, तोंडात बसत नव्हता. मयूर वैतागला. "अरे काय हे, आरती म्हणताय का? राग दिसू दे!"

आणि एकाएकी मागून हेमाचा आवाज फुटला, "भुताली!"

सगळ्या बायांनी मागं वळून पाहिलं. हेमा स्वतःच दचकली, तिनं तोंडावर हात नेला.

"येस्स! एकदम ओरिजिनल!" मयूर नाचायचाच बाकी होता. "सगळ्यांनी हाच शब्द घ्या!"

मग सगळ्यांनी तोच घेतला. एका टेकला, दुसऱ्या टेकला, प्रकाश बदलला म्हणून पुन्हा. आधी चाचरत, मग जोरात, मग हसत हसत. लक्ष्मीकाकी मध्ये उभी राहून ऐकत होती. लागत होतं, पण छातीतलं काहीतरी मोकळंही होत होतं. शब्द एकदाचा बाहेर आला होता. आता खटला चालेल, निकाल लागेल.

तिला हौदात उतरवलं. पाणी गुडघाभर. ती न बुडता, न तरंगता नुसती उभी राहिली.

न्यायाधीश किंचाळला, "ही उभी राहिली! कायद्यात उभं राहायची सोयच नाही!" सगळे खदखदून हसले. त्यानं टोप काढून डोकं खाजवलं आणि हातोडा आपटला. "निर्दोष!"

खोटं आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं हात झग्याला पुसून घेतले.

"बाळ आणा!" करिश्मानं हाक दिली.

हेमा पुढं आली. हात रिकामे. "पोरगा निजलाय," ती करिश्माला म्हणाली. "बाहुलीच द्या."

तिच्या मागं सुनेच्या कडेवर पोरगा टक्क जागा होता. टोपीची नाडी तोंडात घालून चोखत होता. लक्ष्मीकाकीनं ते पाहिलं. तिनं पाहिलेलं हेमानं पाहिलं, आणि सून भिंतीकडे वळली.

"चालेल, लाँग शॉट आहे," मयूर म्हणाला.

तिला हौदाच्या काठावर बसवलं आणि प्लास्टिकची बाहुली मांडीवर आली. लक्ष्मीकाकीनं तिच्या मानेखाली हात घातला, डोकं सांभाळलं. "काकी, पलास्टिकची हाय, मान मोरत नाय!" कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला. हेमा तेवढी हसली नाही.

दिवेलागणीला ती आपल्या ओट्यावर बसली होती. समोर हेमाच्या नव्या स्वयंपाकघरातली विजेची चिमणी घरघरायला लागली. तिचा पाइप गल्लीत, बरोबर लक्ष्मीकाकीच्या ओट्याकडे तोंड करून होता. खिडकीतून हेमाचं पुटपुटणं आलं. ती नातवावरून मीठ-मिरच्या ओवाळत होती.

लक्ष्मीकाकी कान देऊन बसली. मिरच्या जाळल्या आणि घरात ठसका लागला, तर नजर नव्हतीच. नाही लागला, तर नजर जबर. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. खोक, ती मनात म्हणाली. हेमा, एकदा खोक.

मिरच्या तडतडल्या. चिमणीनं सगळा धूर ओढून घेतला आणि पाइपातून बाहेर फेकला. लक्ष्मीकाकीच्या नाकाघशात आग उतरली. डोळे वाहायला लागले.

"बग," आत हेमा सुनेला सांगत होती, "कोनाला ठसका लागला? कोनालाच नाय. केवडी नजर व्हती."

लक्ष्मीकाकी ओट्याचा खांब धरून खोकत होती. इकडं ये, बघ केवढा ठसका लागलाय, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण खोकल्यातून शब्द सुटेना, आणि चिमणीची घरघर मोठी होती. मग आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.