मिठागराखालचं राज्य

शालन मेस्त्री गेल्याचा फोन ऑफिसात आला, तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. फोनवर तिचा धाकटा भाऊ वसंत होता. "नलूताई, ताय गेली," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या मनात आलं, आता ही कुणाची परीक्षा घेतेय? कारण काही वर्षांपूर्वी तिने स्वतःच उठवून दिलं होतं की शालन मेस्त्रीने लिहिणं कायमचं सोडलं. मग कोण कोण चौकशीला येतं, कुणाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, हे ती महिनाभर बघत बसली होती. म्हणून मी वसंताला विचारलं, "खरं ना रे?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी खुर्चीत बसले.

त्याला आज सहा आठवडे झाले. आम्ही दोघी अंधेरीच्या एका औषध कंपनीत समोरासमोरच्या टेबलांवर कारकून होतो. मी मुलुंडची, ती घाटकोपरची. तिचे वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळ. जेवणाच्या सुट्टीत डबा पंधरा मिनिटांत संपवून ती डावा हात कागदावर आडवा धरून लिहायला बसायची. लिहायची काय, तर पाताळातली नगरं, बोलणारी होडकी, माणसांची स्वप्नं चोरणारे खेकडे, आणि हे सगळं मोठ्या माणसांसाठी. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत देताना 'मुलांसाठी लिहा' असं सुचवलं. दुसरा म्हणाला, बाईंनी घरगुती विषय घ्यावेत. तिसऱ्याने ते चार महिने ठेवून घेतलं, आणि एवढ्या काळात त्याने त्याची नक्कल करून घेतली असणार, असं शालनने ठरवूनच टाकलं. त्यानंतर ती कुणाच्या दारात गेली नाही. बोनस आला की कागद घ्यायची आणि स्वतःच पुस्तक छापायची.

तेही कसं, तर अर्धं पुस्तक घाटकोपरच्या छापखान्यात आणि अर्धं अंधेरीच्या. सगळी गोष्ट एकाच माणसाच्या हाती लागता कामा नये! त्यामुळे पहिल्या कादंबरीत सत्त्याण्णव क्रमांकाची दोन पानं आली आणि अठ्ठ्याण्णव आलंच नाही. मी प्रुफं तपासत होते, मला हसू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, "चुकू दे. चोराला पण चुकीचंच मिळेल."

पुस्तकं पिशवीत घालून ती रविवारी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या वाचनालयांत फिरायची. मग पंधरा दिवसांनी मला पाठवायची. मी अनोळखी वाचक होऊन तिचंच पुस्तक मागायचं आणि ग्रंथपाल काय म्हणतो ते येऊन सांगायचं. बोरिवलीच्या एका वाचनालयात पुस्तक कपाटात दिसेना, म्हणून तिने तिथल्या ग्रंथपालांवर राग धरला. मुद्दाम मागे टाकलंय, म्हणाली. मी जाऊन बघितलं तर पुस्तक हातोहात फिरून कव्हर निघालं होतं आणि त्यांनी त्याला तपकिरी कागद घातला होता. हे सांगितल्यावर ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "मग कागदावर माझं नाव का नाही लिहिलं?"

पण वाचक वाढत होते. कांजूरमार्गहून, डोंबिवलीहून पोस्टकार्डं यायची. दुसऱ्या कादंबरीनंतर दोन प्रकाशक आपणहून आले. तिने दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि छापण्याआधी तिचं लिखाण वाचणारी मी एकटीच आहे याचाही. तिसऱ्या कादंबरीची पानं तिने फक्त मला दिली. भांडुपच्या मिठागरांखाली एक राज्य आहे आणि त्याची राणी मिठाची आहे. तिला रडता येत नाही, कारण रडली तर गाल विरघळतील... ते पान वाचून मी टेबलावर डोकं ठेवलं होतं.

त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात मिठाच्या राणीची कथा आली. लेखकाचं नाव आम्ही दोघींनी कधी ऐकलं नव्हतं. तेच मिठागर, तेच विरघळणारे गाल. सकाळी ऑफिसात शिरताच शालनने तो अंक माझ्या टेबलावर उघडा ठेवला. ती चिडली की मालवणीवर यायची.

"खरा सांग, नलू. कोणाक सांगलंस?"

कुणालाच नाही, असं मी म्हटलं. छापखान्यातल्या कुणीतरी केलं असेल, असंही म्हटलं. "छापखान्यात अजून एकही पान गेलेलं नाही," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतर पावणेदोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. फायलीवर चिठ्ठी लावून काम चालायचं. मीही कमी नव्हते. मला वसंताचा संशय आला. मग तर असंही वाटू लागलं की शालननेच ती कल्पना कुठूनतरी उचलली असेल आणि आता माझ्यावर ढकलत असेल. हे मी दोन-तीन जणींजवळ बोलूनही दाखवलं. त्याची लाज अजून वाटते.

मग एकदा नणंदेकडे पूजेला गेले होते. तिच्या मुलांनी पदर धरला, "मामी, ती मिठाच्या राणीची गोष्ट परत सांग ना." मीच सांगितली होती... दोन वर्षांपूर्वीच्या पूजेला, दुपारी, जेवणं झाल्यावर, त्याच खोलीत. मुलं ऐकत होती आणि मागे विड्याची पानं जमवत मोठी माणसंही बसली होती. त्यांत नणंदेच्या यजमानांचा एक मित्र होता, तो मासिकांत लिहायचा. टोपणनावाने. मी नाव विचारलं, तर तेच.

हे कळूनही मी चार महिने गप्प राहिले. शेवटी एका रविवारी घाटकोपरला तिच्या घरी गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मी माफी मागितली, त्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पोरं कुठे गप्प झाली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, राणीची आई मरते आणि ती रडू शकत नाही, तिथे. धाकटी म्हणाली होती, मामी, थोडंसं तरी रडू दे ना तिला.

शालनने स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाली, "बस. चहा घे. पण ह्यापुढे तुला वाचायला देणार नाही." तिने शब्द पाळला. कादंबरी मी बाकीच्यांसारखी छापून आल्यावरच वाचली. त्यातली राणी रडते. प्रत्येक वेळी थोडी कमी होते, तरी रडते. वाचकांना शालनचं हेच पुस्तक सगळ्यांत जास्त आवडतं. ऑफिसात आम्ही पुन्हा एकत्र जेवू लागलो. पण भाजी वाढताना कधी कधी ती माझ्याकडे अशी बघायची, की मला माझे शब्द मोजावेसे वाटायचे. आजारपणही तिने लपवलं. गावी जाते म्हणून रजा टाकली, आणि ती इस्पितळात होती हे मला ती गेल्यावर समजलं.

चौथी कादंबरी ती लिहीत होती, एवढं मला ठाऊक आहे. वसंत म्हणतो, घरात काहीच सापडलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघते आणि माझा पुरता विश्वास बसत नाही. अजून पोस्टकार्डं येतात, म्हणून हल्ली मी रविवारी घाटकोपरला जाऊन तिच्या टेबलाशी बसून त्यांना उत्तरं लिहिते. तिची खुर्ची भिंतीला टेकून आहे, तोंड दाराकडे. गेल्या रविवारी वसंत चहा घेऊन आत आला, तेव्हा माझा डावा हात आपोआप कागदावर आडवा पडला. त्याने कप ठेवला आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत पाठ करून उभा राहिला... बहिणीसाठी इतकी वर्षं उभा राहायचा, तसा.