खोटी खोड गाणारी कुसाबाई

तवा तापला होता, ह्यांचा डबा अर्धाच भरला होता, आणि दार वाजलं. बघते तर कुसाबाई. डोक्यावर भाजीची पाटी नव्हती.

"वहिनी, तुमच्या फोनवरून देवळ्याला बोलायचंय. विहिणीशी," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. आदल्याच दिवशी पंचवटीतल्या कार्यालयात तिच्या उज्वलाचं लग्न झालं होतं. मी पोटभर जेवून आणि त्याहून जास्त हसून घरी आले होते.

कुसाबाईचा मखमलाबादला मळा. मेथी, वांगी घेऊन ती गंगापूर रोडला आमच्या कॉलनीत यायची. तिच्या गावात मात्र तिला ओळखत ते गाण्यावरून. लग्नात विहिणीची पंगत बसली की मुलीकडच्या बायका विहिणीची खोड काढणारी गाणी म्हणतात. त्यात कुसाबाईला तोड नव्हती.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. अभंग शिकले, लावणी शिकले, पण ही थट्टा आली कुठून ते कुणी शिकवलं नव्हतं. भाजी निवडता निवडता मी तिला खोदून विचारायची. तिला गाणी मिळाली चांगुणाआत्याकडून. आत्या जात्यावरच्या चालीत गायची. कुसाबाईनं चाल बदलून आरतीसारखी संथ केली.

"आपुन हसत गायलं की कुणी हसत नाय, वहिनी. तोंड देवळात उभं राहिल्यावानी ठेवायचं."

आता पोरींना कॅसेटमधल्या सिनेमाच्या चाली हव्या असत. त्यावर तिचं म्हणणं, "चाल पळाया लागली की लोक नाचत्यात. हसाया मधी थांबावं लागतं." आणि खरंच, शेवटच्या शब्दाआधी ती अशी थांबायची की अख्खी पंगत घास हातात धरून बसायची.

एक नियम मात्र आत्याचाच चालू होता. नसलेली खोड तेवढी गायची. हात सढळ असेल तिला चिक्कू म्हणायचं, पहाटे उठणारीला झोपाळू. असलेली खोड गायली तर ती थट्टा राहत नाही, शिवी होते.

उज्वलाच्या सासूबाई वत्सलाबाई म्हणजे अंगानं काडी. चार घास खाऊन हात धुणाऱ्या. म्हणून कुसाबाईनं खादाडपणा निवडला होता.

"विहीणबाई जेवाया बसल्या, पान वाढा मोठं गं,
पदराआड लाडू दडले, म्हणती भरलं पोट गं!"

पंगत हसली. वत्सलाबाईही हसल्या, हसतच उठायला गेल्या, आणि पदरातून कागदात गुंडाळलेले दोन लाडू टपकन खाली पडले. आम्हाला वाटलं, दोघींनी ठरवूनच केलंय. काय टाळ्या पडल्या! वत्सलाबाई हातही न धुता बाहेर निघून गेल्या.

"त्यांची सासू हाय घरी, ठमाबाई," उंबऱ्यात बसून कुसाबाई सांगत होती. "अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी घेतले व्हते. जावयानं निघताना सांगितलं मला. विहीण गाडीत बसली तरी एक शब्द बोलली नाय. परवा पोर माहेरी यायची, संगं सासूनं यायची रीत. नाय आली तर? पोरीला जन्म काढायचाय त्या घरात."

"अगं, माझा डबा!" आतून हे ओरडले.

"थांबा हो, इथं दोन घरांचं अडलंय," मी म्हटलं. मग तिला म्हणाले, "माफी मागून टाक ना सरळ."

"अन् काय म्हणू? लाडवाचं गायले, माफ करा? म्हंजी त्यांचा फोन हाय त्या दुकानात चार माणसं बसलेली असायची, त्यांच्यापुढं पुन्हा लाडवाचंच नाव. माफी मागितली की चोरी पक्की झाली त्यांची."

"मग बोलणार काय?"

"तुम्ही लावा तर खरं."

वत्सलाबाईंच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. तो नंबर तिनं आणला होता, मी फिरवला. दुकानदार त्यांना बोलवायला गेला. कुसाबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मी गॅस बंद केला.

"विहीणबाई, मी कुसा. उज्वलाची आई." पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. कुसाबाई नुसतं "हं... हं" करत राहिली. मग एका दमात म्हणाली,

"तुम्ही पोरीला घेऊन या. गाण्याला गाण्यानं उत्तर द्यायची रीत हाय, ते तुमचं राहिलंय. पंगतीला मी बसते. समद्या गावासमोर माझ्यावर एक गाणं म्हणा. बाकी काय मागणं नाय माझं."