सरांचा फुटबॉल

मंडळी, सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहूनच टाकते.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हा मी इथल्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच होते. चांगले बॉल फक्त पोरांना मिळायचे. मी मागायला गेले की क्रीडाप्रमुख सर कपाटातला जुना फुटबॉल काढून द्यायचे. "पोरींलेच तं खेळाचं आहे, मॅडम. चालून जाते."

वर्षभर त्याच्यावरच प्रॅक्टिस केली. स्पर्धेतल्या पहिल्याच मॅचला हातात खरा, जड बॉल आला आणि शॉटमागून शॉट रिंगच्या अलीकडेच पडले. एका बास्केटनं हरलो. पोरी कोर्टावरच रडल्या.

आज तेच सर नातीला घेऊन भिलाईतल्याच रिसालीत माझ्या बास्केटबॉल कोचिंगवर आले. "मॅडम, इले तयार करा."

मी पोरीच्या हातात फुटबॉल दिला.

"हे काय देऊन राहिल्या, मॅडम?"

"पोरीलेच तं खेळाचं आहे, सर. चालून जाते."

सरांची मान खाली गेली. उद्याही फुटबॉलच देणार आहे.

पोरीचा काय दोष, असं तुम्ही विचाराल. जरूर विचारा. पण आधी सांगा, माझ्या बारा पोरींचा काय होता?