कुत्र्याचा वजिफा

निजामाच्या राज्यात माणसाला न्याय मिळो न मिळो, जिंतूरच्या ठाण्यातल्या कुत्र्याला मात्र वजिफा मिळाला, सरकारी पेन्शनच म्हणा. म्हातारपणी रोज शेरभर दूध आणि अंगावर सरकारी झूल. माझे यजमान त्या कुत्र्याचे जमादार. नऊ वर्षं मी दोघांनाही जेवायला घातलं, आणि ताटावर कुरकुर न करणारा त्यांतला कुत्राच होता.

कुत्रा हुशार, यात वाद नाही. चोरीच्या जागेचा वास घेऊन तो चार कोस जायचा आणि चोरासमोर जाऊन बसायचा. बसला की संपलं. आमच्या भागात घरोघर खंडोबा, आणि कुत्रा म्हणजे खंडोबाच्या पायाशी असणारा. त्यानं दाखवलेला माणूस देवानंच दाखवला, असं लोक धरून चालत. अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांना, पुरावा शोधायचे कष्ट उरले नव्हते.

शेवटच्या वर्षी त्याचं नाक गेलं. ते आधी मला कळलं. दोन हातांवर टोपलीखाली मटणाचं हाड झाकलं, तर हा अंगणभर हुंगत फिरला आणि दमून भिंतीशी बसला. मी जमादारांना सांगितलं. ते बराच वेळ पट्ट्याला तेल चोळत राहिले.

"कुणापाशी बोलू नको," ते म्हणाले. "कुत्रं गेलं की मला सरहद्दीच्या नाक्यावर धाडतेत. तितं गेलेली माणसं माघारी येईना झालीत."

मी गप्प बसले. मला माझं कुंकू प्यारं होतं, आता या वयात ते कशाला लपवू?

पुढच्याच महिन्यात शेजारच्या गावी खंडोबाच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला. गावातले सगळे पुरुष उन्हात ओळीनं उभे केले. कुत्रा निम्मी ओळ चालला आणि धापा टाकत एका लोहारासमोर बसला. तो दमून बसला, हे जमादारांनी मला घरी येऊन सांगितलं. तिथं कुणाला सांगितलं नाही. लोहार शेवटपर्यंत नाही नाही म्हणत होता. मारानं त्याचा उजवा हात कामातून गेला, मुखवटा काही सापडला नाही, आणि त्याची रवानगी परभणीच्या तुरुंगात झाली. अमीनसाहेब खूश झाले. एवढी मोठी कामगिरी केलेल्या कुत्र्याला मानानं घरी बसवायचं ठरलं, आणि त्याची देखभाल जमादारांकडेच राहिली. नाका टळला.

सत्कार चंपाषष्ठीला ठेवला. ठाण्याच्या आवारात सतरंजी, झेंडूचा हार, अमीनसाहेबांचं उर्दूतलं लांबलचक भाषण. कुत्रा तेवढ्यात झोपला. त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्यातला पहिला घास कुत्र्याला द्यायची आमची रीत, त्यामुळे भाषण संपताच बाया भरीत-रोडगा घेऊन रांगेत आल्या. त्यात त्या लोहाराची बायको होती.

मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती कुत्र्यापुढं गुडघे टेकून बसली.

"देवा, माझाच माणूस खोटा निघाला," ती म्हणाली. "म्या त्याचं तोंड बगायला जात न्हाई आता. तू लेकरावर राग धरू नको."

तिनं रोडगा पुढं केला. कुत्रा डोळे अर्धे मिटून दुसरीकडेच तोंड करून बसला होता. वीतभरावरचा घास त्याला कळलाच नाही. मागच्या बाया कुजबुजायला लागल्या. तिचा हात तसाच पुढं राहिला.

"देव घेईना," ती म्हणाली.

मी जमादारांकडे पाहिलं. ते हाराकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, चारचौघांत, अमीनसाहेबांसमोर. ते माझ्या तोंडाशी आलं होतं, हे मी देवाशपथ सांगते. मग मी खाली वाकले, कुत्र्याचं डोकं धरलं आणि त्याचं तोंड रोडग्याला टेकवलं. त्यानं खाल्ला.

"घेतला बाई देवानं," मी म्हणाले.

ती रडत माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं, कुंकू लावलं. लोहार पुढच्या उन्हाळ्यात तुरुंगातच वारला. तोवर त्याला भेटायला घरचं कुणी आलं नव्हतं.